एर्दिग: खचलेला वाडा आणि नव्याने लावलेली जुनी बाग

वेल्सच्या ईशान्य भागातील रेक्सम शहराच्या दक्षिणेला सुमारे दोन मैलांवर, खाली ओढा वाहत असलेल्या उंच कडेवर एर्दिग नावाचा एक वाडा उभा आहे. त्याच्या पश्चिमेला जमीन झपाट्याने उतरत जाऊन झाडांनी भरलेल्या मोकळ्या उद्यानभूमीला मिळते. पूर्वेला मात्र विटांच्या भिंतींनी वेढलेली, सरळ रेषांत आखलेली बाग आहे आणि तिच्या मधोमध, वाड्याच्या दर्शनी अक्षावरच, एक लांबट कालवा खोदलेला आहे. १९७३ साली यॉर्क घराण्यातील शेवटच्या मालकाने हा वाडा, त्यातील सुमारे ३०,००० वस्तू, बाग आणि भोवतालची जमीन ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे सोपवली, तेव्हा वाडा एका अंगाने खचलेला होता, छपरातून पाणी गळत होते आणि जिथे एके काळी माळी कात्री घेऊन फिरत होते तिथे मेंढ्या चरत होत्या. त्यानंतरच्या चार वर्षांत झालेले काम हे ब्रिटनमधील वाडे-बागांच्या जीर्णोद्धाराचे एक ठळक उदाहरण मानले जाते.

या प्रकरणाचा अभ्यास करावासा वाटण्याचे कारण असे, की एकाच जागेवर, एकाच संस्थेने आणि एकाच काळात दोन परस्परविरुद्ध धोरणे राबवली. वाड्याच्या आत जे जसे सापडले तसे राखायचे, अगदी विसाव्या शतकातील जीर्णपणासह, असे ठरले. बागेत मात्र सव्वादोनशे-अडीचशे वर्षे मागे जाऊन अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील आखणी पुन्हा जमिनीवर उतरवायची, असे ठरले. वरवर पाहता ही विसंगती आहे. माझ्या मते तसे करण्यावाचून मार्ग नव्हता, आणि ते का, हे समजून घेण्यासाठी वाडा कसा घडला आणि कसा खचला याची हकिकत थोडी तपशिलाने सांगावी लागेल.

बांधणारा एक, सजवणारा दुसरा

वाड्याचे बांधकाम १६८४ साली जोशुआ एडिसबरी या स्थानिक जमीनदाराने सुरू केले. डेन्बीशर परगण्याचा हाय शेरीफ, म्हणजे राजाचा तिथला प्रतिनिधी अधिकारी, म्हणून नेमणूक झालेल्या या गृहस्थाची हौस त्याच्या उत्पन्नापेक्षा मोठी होती. त्याने अनेकांकडून कर्जे काढली आणि त्या सावकारांत एलिहू येल हेही नाव येते. मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत गबर झालेला, पुढे तिथलाच गव्हर्नर झालेला आणि ज्याच्या नावाने अमेरिकेतील विद्यापीठ ओळखले जाते तोच हा येल; त्याचे थडगे आजही रेक्समच्या चर्चच्या आवारात आहे. त्याने मद्रासहून एडिसबरीला भेट म्हणून पाठवलेला लाखकाम केलेला चिनी पडदा अजूनही एर्दिगमध्येच आहे. वेल्समधील एका वाड्याच्या कर्जखात्याचा धागा कोरोमंडल किनाऱ्याला जाऊन पोचतो, ही गोष्ट भारतीय वाचकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

एडिसबरीचे दिवाळे निघाले. वाडा लंडनमधील जॉन मेलर या धनाढ्य वकिलाने घेतला, दोन्ही बाजूंना पाखे वाढवले, उत्तम फर्निचर आणवले, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, १७१८ नंतर बाग पूर्वेकडे वाढवून तिला आज दिसते ती लांबी दिली. मेलर अविवाहित होता. १७३३ साली तो वारला तेव्हा सगळी मालमत्ता त्याचा भाचा सायमन यॉर्क याच्याकडे आली आणि तेव्हापासून १९७३ पर्यंत या वाड्याचा प्रत्येक मालक एकतर सायमन यॉर्क होता किंवा फिलिप यॉर्क. इतिहास लिहिणाऱ्याला त्यांची नावे क्रमांक घालूनच वेगळी करावी लागतात.

या घराण्याचे दोन स्वभावविशेष पुढच्या जीर्णोद्धाराला निर्णायक ठरले. पहिला म्हणजे काहीही टाकून न देणे. पावत्या, पत्रे, मोडकी खेळणी, जुनी अवजारे, फाटके पडदे, सारे काही पिढ्यान्‌पिढ्या कोपऱ्यांत साठत गेले. दुसरा म्हणजे नोकरांची नोंद ठेवणे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलिप यॉर्क पहिला याने आपल्याकडच्या नोकरांची तैलचित्रे काढून घेतली आणि प्रत्येकाखाली स्वतः रचलेल्या ओळी लिहवल्या. वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी चितारलेली, जाळीजळमटे काढणारी जेन एब्रेल त्यांत आहे. पुढील पिढ्यांनी ही परंपरा आधी चित्रांतून आणि मग छायाचित्रांतून चालू ठेवली. कविता म्हणून त्या ओळी बेताच्याच आहेत. पण ज्या काळात इतर वाड्यांच्या कागदपत्रांत नोकर केवळ पगाराच्या आकड्यापुरता उरतो, त्या काळात इथे माळ्याला आणि सुताराला चेहरा आहे.

बाग का वाचली

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-वेल्समधील बागांवर एक मोठी लाट आली. सरळ वाटा, कातरलेली कुंपणे, आयताकृती तळी हे सारे जुनाट ठरले आणि वळणदार वाटा, नैसर्गिक भासणारे उतार, विखुरलेले वृक्षपुंज ही नवी अभिरुची ठरली. असंख्य जुन्या बागा या हौसेपायी नांगरल्या गेल्या. एर्दिगवरही ती लाट आली होती. फिलिप यॉर्क पहिला याने १७६८ पासून विल्यम एम्स या उद्यानरचनाकाराला कामाला लावले. एम्सने पश्चिमेकडची सगळी भूमी नव्या पद्धतीने घडवली, उतारांवर वाटा काढल्या, वृक्ष लावले आणि ओढ्यावर एक विलक्षण धबधबा बांधला. गोल उथळ दगडी कुंडात साठलेले पाणी मधल्या गोल विवरातून खाली कोसळते आणि बोगद्यातून पुढे बाहेर पडते. त्याच्या आकारामुळे लोक त्याला ‘कपबशी’ म्हणतात.

परंतु भिंतींच्या आतील मेलरची बाग मात्र फिलिपने मोडली नाही. नवे जे काही करायचे ते पश्चिमेला केले आणि पूर्वेकडचे जुने तसेच ठेवले. हा निर्णय काटकसरीचा होता, वडिलांच्या मामाच्या, म्हणजे मेलरच्या, आठवणीचा होता की केवळ फळांच्या उत्पन्नाचा होता, यावर वाद घालता येईल. परिणाम मात्र वादातीत आहे. भिंती, कालवा आणि मूळ अक्ष टिकले. एकोणिसाव्या शतकात त्यात भर पडली: वाड्यालगत फुलांच्या वाफ्यांची व्हिक्टोरियन नक्षी आली, आयरिश यू वृक्षांची रांग आली, सावलीतली शेवाळी वाट आली. म्हणजे अठराव्या शतकाच्या सांगाड्यावर एकोणिसाव्या शतकाचे थर चढले, पण सांगाडा हलला नाही.

कोळसा

वाड्याच्या पडझडीची कारणे नेहमीचीच होती. पहिल्या महायुद्धानंतर नोकर कमी झाले, कर वाढले, उत्पन्न घटले. १९२२ साली सायमन यॉर्क चौथा मालक झाला आणि पुढची चव्वेचाळीस वर्षे तो उत्तरोत्तर एकलकोंडा होत गेला. वाड्यात वीज आली नाही, नळाचे पाणी आले नाही, दुरुस्ती थांबली. अशी कथा ब्रिटनमधल्या शेकडो वाड्यांची आहे आणि त्यांतले बरेच त्या शतकात जमीनदोस्त झाले.

एर्दिगचे वेगळेपण जमिनीखाली होते. शेजारच्या बर्शम खाणीचे कोळशाचे थर वाड्याखालून जात होते. खाणी खाजगी मालकीच्या होत्या तोवर वाड्याखालचा कोळसा आधारस्तंभासारखा न काढता ठेवला जात असे. १९४७ साली ब्रिटनमधील कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर हे संरक्षण राहिले नाही आणि उत्खनन थेट वाड्याखाली पोचले. खोलवरचा थर काढून घेतला की वरची जमीन हळूहळू बसते. ती सगळीकडे सारखी बसली तर इमारत तग धरते, पण एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी बसली की भिंतींना पीळ पडतो. एर्दिग सुमारे पाच फूट, म्हणजे दीड मीटर खचला, आणि तोही असमान. भिंतींना भेगा गेल्या, छपरावरच्या शिशाच्या पत्र्यांचे सांधे उघडले आणि पाणी आत शिरले. वाड्यातील सर्वांत मौल्यवान वस्तूंपैकी एक असलेला, चिनी रेशमी भरतकामाचा अठराव्या शतकातला पलंग ज्या खोलीत होता, त्याच खोलीचे छत गळत होते.

१९६६ साली सायमन वारला आणि धाकटा भाऊ फिलिप यॉर्क तिसरा याच्याकडे हा सारा पसारा आला. तोवर साठीला पोचलेला हा अविवाहित गृहस्थ नाटक कंपनी चालवून, शिक्षकी करून आणि पर्यटकांच्या सहली नेऊन बसलेला होता. गावात तो जुन्या धाटणीच्या, एक चाक प्रचंड आणि एक चिमुकले असलेल्या सायकलवरून फिरे. वाड्यात तो जवळजवळ एकटाच राहत असे. विजेची सोय म्हणजे एक लहानसे जनरेटर. बागेतील गवत माजू नये म्हणून मेंढ्या. वस्तू विकून त्याला सुखाने दिवस काढता आले असते, कारण लिलावात त्या फर्निचरला मोठी किंमत आली असती. त्याने एकही वस्तू विकायची नाही असे ठरवले आणि नॅशनल ट्रस्टशी वाटाघाटी करताना हीच मुख्य अट ठेवली: वाडा, वस्तू आणि बाग एकत्र राहिली पाहिजेत आणि लोकांना ती पाहता आली पाहिजेत.

पैसा कुठून आला

जीर्णोद्धाराच्या लेखनात पैशाचा भाग बहुधा पाद्यपूजेसारखा उरकला जातो, म्हणून तो इथे स्पष्ट लिहितो. खाणीमुळे झालेल्या नुकसानीपोटी राष्ट्रीय कोळसा मंडळाकडून १,२०,००० पौंडांची भरपाई मिळाली आणि ती वाड्याच्या पायाखाली आधार देऊन इमारत स्थिर करण्यासाठी वापरली गेली. उरलेल्या कामाला ती रक्कम पुरणे शक्यच नव्हते. म्हणून मालमत्तेपैकी ६३ एकर जमीन, जी वाड्यातून किंवा बागेतून दिसत नव्हती, ती ९,९५,००० पौंडांना विकण्यात आली.

या विक्रीवर आक्षेप घेता येतो. जी जमीन अखंड राखण्यासाठी मालकाने आयुष्यभर गैरसोय सोसली, तिचाच एक तुकडा ती स्वीकारणाऱ्या संस्थेने विकला. पण पर्याय काय होते ते पाहिले तर निर्णय समजतो. वस्तू विकल्या असत्या तर वाडा रिकामा झाला असता आणि अट मोडली असती. काम लांबवले असते तर पुढच्या प्रत्येक पावसाळी हिवाळ्यात नुकसान वाढले असते. न दिसणारी जमीन देऊन दिसणारे सर्व वाचवणे हा त्यातल्या त्यात कमी तोट्याचा व्यवहार होता. ‘दिसते’ आणि ‘दिसत नाही’ ही कसोटी मात्र तपासून घेण्यासारखी आहे, कारण झाडे पडली किंवा पाने गळली की दृष्टीची हद्द बदलते. वासंतिक बहरात जी भिंत हिरवी असते ती जानेवारीत जाळीदार असते. जमिनीची हद्द ठरवणाऱ्याने ती हिवाळ्यात उभे राहून ठरवावी, एवढे यातून मी शिकेन.

वाड्याच्या आत: थांबणे

वाड्याच्या आतील कामाचे सूत्र सांगायला सोपे आणि पाळायला अवघड होते. गळती थांबवायची, भेगा बांधायच्या, कापडे आणि लाकूड नासण्यापासून वाचवायचे. पण खोल्या नव्या करून दाखवायच्या नाहीत. रेशमी पलंग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या तज्ज्ञांच्या हाती गेला आणि जतन होऊन परत आला. इतर असंख्य वस्तूंच्या बाबतीत कामाचा मोठा भाग म्हणजे पुसणे, नोंदणे आणि पुन्हा त्याच जागी ठेवणे.

सर्वांत धाडसी निर्णय मात्र वाटेचा होता. त्या काळी असे वाडे पाहायला आलेल्या माणसाला दर्शनी दारातून, झुंबरांखालून आत नेण्याचा प्रघात होता. एर्दिगला पाहुणा मागल्या अंगणातून शिरतो. आधी सुतारशाळा आणि लाकूड चिरण्याचा खड्डा, मग लोहारशाळा, तबेले, धुण्याची खोली, भट्टी, स्वयंपाकघर, नोकरांचा दिवाणखाना आणि तिथल्या भिंतींवरच्या त्या चेहऱ्यांच्या रांगा. धन्याच्या खोल्या त्यानंतर. घराण्याने काहीच फेकले नव्हते म्हणून ही कामाची बाजू अवजारांसकट शिल्लक होती, आणि ती शिल्लक असल्यामुळेच असा मार्ग आखता आला. शिवाय या सुतारशाळेचा आणि लोहारशाळेचा उपयोग दुरुस्तीच्या कामातही झाला. नोकरांच्या दृष्टीने वाडा दाखवण्याची पद्धत पुढे इतरत्रही रुळली, आणि आज ती इतकी परिचित झाली आहे की १९७७ साली तिच्यात काय नवे होते हे मुद्दाम सांगावे लागते.

बागेत: मागे जाणे

हेच सूत्र बागेला का लावले नाही? जसे सापडले तसे राखायचे म्हटले असते तर एर्दिगच्या बागेत राखायचे ते होते गाळाने भरलेले पाणी, रानटी वाढलेली झाडे आणि मेंढ्यांनी चरलेले गवत. शिवाय झुडपे थांबत नाहीत. खुर्चीवरची धूळ वीस वर्षे तशी ठेवता येते, पण वाढलेली फांदी पुढच्या वर्षी आणखी वाढते आणि पाचव्या वर्षी शेजारच्या झाडाला मारते. बागेतील ‘जैसे थे’ हीसुद्धा रोजच्या कापणीने राखावी लागणारी स्थिती असते. म्हणजे कापणी करायचीच असेल तर ती कोणत्या आकाराकडे नेणारी असावी, हे ठरवणे टळत नाही.

आकार ठरवायला एर्दिगकडे तीन पुरावे होते. पहिला, टॉमस बॅडस्लेड याने काढलेले, १७४० साली छापले गेलेले वाड्याचे आणि बागेचे विहंगम चित्र. त्यात भिंती, कालवा, वाटा आणि झाडांच्या रांगा स्वच्छ आखलेल्या दिसतात. दुसरा, १७१८ सालची भिंतींलगतच्या फळझाडांची यादी, जिच्यात वाणांची नावे होती. तिसरा पुरावा जमिनीतच होता: उभ्या असलेल्या भिंती, कालवा आणि जुन्या रांगांतील काही झाडे.

यातील पहिल्या पुराव्याविषयी सावध राहावे लागते. त्या काळची विहंगम चित्रे मालकाच्या पैशाने निघत आणि मालकाला जे व्हावेसे वाटे तेही कधी कधी झालेलेच म्हणून त्यांत दाखवले जाई. एकट्या चित्रावर विसंबून बाग उभारणे म्हणजे विक्रीच्या जाहिरातीतील नकाशावरून इमारतीचा इतिहास लिहिणे होय. एर्दिगमध्ये चित्र जमिनीशी जुळत होते, हे त्याचे बळ. भिंती चित्रात होत्या तिथेच होत्या, कालवा होता तिथेच होता. त्यामुळे मधल्या ज्या भागाचे काहीच उरले नव्हते, तेवढ्यापुरते चित्रावर विसंबणे सयुक्तिक ठरले.

लिंडेन वृक्षांच्या दुहेरी रांगा लावण्यात आल्या आणि त्यांच्या फांद्या आडव्या बांधून, एकमेकींत गुंफून, उंचावर उभ्या केलेल्या हिरव्या भिंतीसारख्या वळवण्यात आल्या. या कामाला दरवर्षी हिवाळ्यात शिडीवर चढून नव्या फांद्या बांधाव्या लागतात आणि समोर किंवा मागे झेपावणाऱ्या फांद्या मुळापासून छाटाव्या लागतात; एक वर्ष टाळले तर दुसऱ्या वर्षी दुप्पट काम निघते. मधल्या चौकोनांत सफरचंदाची झाडे शंकूसारखा आकार देऊन लावली गेली. भिंतींना जर्दाळू, पीच, प्लम, नासपती अशी झाडे पंख्यासारखी पसरवून बांधली गेली, आणि त्यांत जुन्या यादीचा आधार घेऊन वाण निवडले गेले. वाड्याजवळ पांढऱ्या लाकडी पेट्यांत पोर्तुगीज लॉरेलची झाडे गोल कातरून ठेवली आहेत. जिथे थंडीमुळे संत्र्याची झाडे बाहेर टिकत नाहीत तिथे संत्र्याच्या झाडाचा भास निर्माण करण्याची ही जुनी युक्ती आहे आणि ती अजूनही फसवते.

मात्र सगळी बाग १७४० वर नेली नाही. व्हिक्टोरियन वाफे ठेवले, आयरिश यूंची रांग ठेवली, शेवाळी वाट ठेवली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुसऱ्या वाड्याहून आणून कालव्याच्या टोकाला बसवलेले घडीव लोखंडी फाटकही दुरुस्त करून ठेवले. हे फाटक अठराव्या शतकातील डेव्हिस बंधू या स्थानिक लोहारांच्या घडणीतले मानले जाते, पण ते मेलरच्या बागेत कधीच नव्हते. शुद्धतावादी मंडळींनी ते काढले असते. माझ्या मते ते ठेवणेच योग्य होते: जिथे जुना थर नष्ट झाला होता तिथेच तो नव्याने घातला आणि जिथे नंतरचा थर जिवंत होता तिथे त्याला हात लावला नाही, हा नियम बागेत सर्वत्र पाळलेला दिसतो, आणि कालव्याच्या टोकाला अपवाद केला असता तर तो केवळ कोणाच्या तरी आवडीनिवडीचा ठरला असता.

वसंतातली परीक्षा

अशा बागेतले निर्णय कागदावर कितीही नेटके असले तरी त्यांचा कस मार्च ते मे या तीन महिन्यांत लागतो. भिंतीलगतच्या झाडांपासून सुरुवात करावी, कारण ती सर्वांत आधी फुलतात. जर्दाळू उत्तर वेल्सच्या हवेत मार्चमध्येच फुलते. त्या वेळी रात्री पारा शून्याखाली जाणे नवलाचे नसते आणि दिवसा मधमाश्या पुरेशा बाहेर पडत नाहीत. विटांची भिंत इथे केवळ आडोसा नसते. दिवसभर ऊन शोषून ती रात्री सावकाश ऊब सोडते, आणि त्या दोन-तीन अंशांच्या फरकावर फळ धरणे-न धरणे अवलंबून असते. म्हणूनच जुन्या यादीत कोणते झाड कोणत्या भिंतीला याला महत्त्व होते: दक्षिणाभिमुख भिंत पीच-जर्दाळूची, उत्तराभिमुख थंड भिंत आंबट चेरीसारख्या सोशिक झाडांची. अशा बागांतले माळी फुले गोठू नयेत म्हणून रात्री कापड किंवा जाळी सोडतात आणि परागीभवनासाठी मऊ कुंचला फुलाफुलांवरून फिरवतात.

भिंतीची दुरुस्ती करतानाही हाच विचार लागू होतो. जुन्या मऊ विटांच्या सांध्यांत सिमेंट भरले तर ओल सांध्यातून बाहेर पडत नाही, विटेतून पडते, आणि गारठ्यात ती ओल गोठून विटेचा पापुद्रा उडतो. त्यात फळझाडे बांधण्यासाठी शतकानुशतके ठोकलेल्या खिळ्यांची भोके असतातच. सांध्यांत भरलेला चुना मऊ असतो म्हणून तो वापरायचा, कारण झिजायचे असेल तर सांध्याने झिजावे, विटेने नव्हे. सांधा पुन्हा भरता येतो.

मग डॅफोडिल येतात. एर्दिगमध्ये त्यांच्या जुन्या वाणांचा संग्रह आहे आणि फळझाडांखाली, भिंतींलगत ती हजारोंनी फुलतात. हे फूल वेल्सचे राष्ट्रचिन्ह. १ मार्चच्या संत डेव्हिड दिनाला लोक ते छातीला लावतात, त्यामुळे इथे त्याचे अप्रूप केवळ बागायती नाही. पण आखीव बागेत हे फूल मोठे अडचणीचे आहे. फुले ओसरल्यावर पाने किमान सहा आठवडे तशीच राहू द्यावी लागतात, कारण पुढच्या वर्षीच्या फुलाचे अन्न कंदात त्याच काळात साठते. एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत ही पाने पिवळी पडून आडवी होतात आणि नेमक्या त्याच दिवसांत सफरचंदाला गुलाबी-पांढरा बहर येऊन पाहुण्यांची गर्दी सुरू होते. वर शंकूच्या आकारातला बहर आणि खाली लोळणारी पिवळी पाने. पाने कापली तर बाग आठवडाभर नेटकी दिसेल आणि दोन वर्षांत कंद फुले देणे बंद करतील. पानांच्या गाठी बांधल्या, जशा हौशी लोक बांधतात, तर उजेड अडतो आणि नुकसान तेच. म्हणून कडा कातरायच्या, वाटा स्वच्छ ठेवायच्या आणि वाफ्यातल्या गबाळेपणाकडे काही आठवडे कानाडोळा करायचा, हाच मार्ग उरतो.

लिंडेनच्या रांगांची गोष्ट वेगळी. त्यांना पालवी एप्रिलअखेरीस फुटते, आणि तोवर उघड्या फांद्यांची चौकट स्पष्ट दिसते. हिवाळ्यात बांधणी नीट झाली आहे की नाही हे त्या काही आठवड्यांत कोणालाही वाचता येते. बॅडस्लेडच्या चित्राशी बाग सर्वांत जास्त जुळते तीही याच दिवसांत, कारण पाने आली की चित्रातल्या रेषा झाकल्या जातात.

उद्घाटन आणि त्यानंतर

२७ जून १९७७ रोजी तत्कालीन युवराज चार्ल्स यांनी एर्दिग लोकांसाठी खुले केले. आधीच तीनशे वर्षांची असलेली वस्तू उघडण्याची ही आपली पहिलीच वेळ, असा विनोद त्यांनी त्या वेळी केला. फिलिप यॉर्क तिसरा त्या दिवशी हयात होता. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, तो वारला. बर्शमची खाण १९८६ साली बंद झाली. बागेत आयव्ही वेलींचा राष्ट्रीय दर्जाचा वाणसंग्रह उभा राहिला, आणि शरद ऋतूत जुन्या वाणांच्या सफरचंदांचा उत्सव भरू लागला.

त्रुटींचाही उल्लेख केला पाहिजे. जेन एब्रेलचे नाव आणि वय ठाऊक असले, तरी वाड्यातील नोकरांच्या चित्रांत मेलरच्या काळातला, हातात शिंग धरलेला एक कृष्णवर्णीय गाडीवान मुलगाही आहे आणि त्याच्याविषयी तितके सांगता येत नाही. नोकरांना चेहरा देणाऱ्या घराण्याची वाखाणणी करताना हा मुलगा वेल्समध्ये कोणत्या व्यापाराच्या वाटेने पोचला असेल हा प्रश्न पहिल्या काही दशकांत पुरेसा विचारला गेला नाही. येलचा पडदाही बराच काळ केवळ सुंदर वस्तू म्हणूनच दाखवला गेला.

बागेपुढचा आजचा प्रश्न मात्र वयाचा आहे. सत्तरच्या दशकात लावलेली झाडे आता पन्नाशीच्या घरात आहेत. आकारात बांधून ठेवलेल्या सफरचंदाला ही बरीच उमर झाली. एकेक झाड मरेल तसे बदलावे तर रांगेत लहान-मोठी झाडे येऊन सारखेपणा जातो, आणि सारखेपणा हाच या आखणीचा प्राण आहे. सगळी रांग एकदम काढावी तर आठ-दहा वर्षे वसंतात पाहण्यासारखे काही उरत नाही. त्यातच ज्या जागी सफरचंद वाढले त्या मातीत पुन्हा सफरचंद लावले की नवे रोप खुरटते, हा बागायतदारांचा सार्वत्रिक अनुभव आहे, म्हणून खड्डे मोठे काढून माती बदलावी लागते. व्यवहारात यातून निघणारी वाट म्हणजे एकेक चौकोन पाळीपाळीने नवा करणे आणि त्याच्या किमान तीन वर्षे आधी, थंडीत झाड निद्रिस्त असताना, त्याच झाडांच्या काड्या घेऊन कलमे बांधून ठेवणे, म्हणजे वाण तोच राहतो आणि रोपे एका उंचीची मिळतात.